ब्रेक ‘फेड’ झाला म्हणजे नेमकं काय झालं? पहिल्या ट्रॅक-डेची तयारी आणि उष्णतेचा शंभर वर्षांचा प्रवास

पीएचडीच्या दुसऱ्या वर्षी मी बाबांची जुनी हॅचबॅक घेऊन दक्षिणेतल्या एका रेस ट्रॅकवर गेलो होतो. शर्यतीला नव्हे, ट्रॅक-डेला. ज्यांना हा प्रकार माहीत नाही त्यांच्यासाठी: पैसे भरायचे, रोजची गाडी बंद सर्किटवर न्यायची आणि पंधरा-वीस मिनिटांच्या फेऱ्यांमध्ये हवी तशी पळवायची. पहिला-दुसरा नंबर नाही, बक्षीस नाही. समोरून ट्रक येत नाही, म्हैस आडवी येत नाही, एवढंच सुख.

तयारी मी अगदी एम.एस्सी. झालेल्या माणसासारखी केली होती, म्हणजे एक्सेल शीट करून. टायर नवे, इंजिन ऑइल नवं, हेल्मेट घेतलं, डिकीतली स्टेपनी-जॅक काढून ठेवले. तिसऱ्या फेरीत लांब सरळ पट्ट्याच्या शेवटी ब्रेक दाबला आणि पेडल ओल्या स्पंजवर पाय पडावा तसं खाली खाली गेलं. गाडी थांबली, पण वळणाच्या पलीकडच्या मातीत. कुणाला काही झालं नाही. बाबांना मी हे दीड वर्षांनी सांगितलं.

लाज वाटण्यासारखी गोष्ट पुढे आहे. माझं संशोधनच मुळात ब्रेक पॅडमधल्या रेझिनवर. त्यामुळे परत आल्यावर मी छातीठोकपणे सगळ्यांना सांगितलं, ‘पॅड फेड झाले.’ महागडे पॅड आणले, बसवले, चार महिन्यांनी परत गेलो. यावेळी दुसऱ्याच फेरीत पेडल जमिनीला टेकलं.

गावाकडच्या गॅरेजवाल्या चाचांना सांगितलं तर त्यांनी एकच विचारलं, ‘अरे बाळा, पेडल कडक होतं का मऊ?’ मऊ होतं. ‘मग पॅड कशाला बदलले? तेल कधी बदललंस?’

तेल गाडी घेतली तेव्हापासून तेच होतं.

हा प्रश्न मला का सुचला नाही, याचं उत्तर शोधताना मी ब्रेकच्या इतिहासात शिरलो. रिसर्चला सुरुवात करणाऱ्यांना तो सांगावासा वाटतो, कारण जुन्या लिखाणात ‘फेड’ हा एकच शब्द निदान तीन वेगवेगळ्या बिघाडांसाठी वापरलेला आहे. तिन्हींचं मूळ उष्णता. पण प्रत्येक वेळी ती वेगळ्या ठिकाणी जाऊन बसलेली.

आधी थोडं गणित करू. गाडी आणि चालक मिळून १००० किलो धरा. ताशी १२० किलोमीटर वेगाला गतिज ऊर्जा साधारण ५५५ किलोज्यूल, ६० ला साधारण १३९. म्हणजे एका वळणाआधी १२० वरून ६० वर यायचं तर सव्वाचारशेच्या आसपास किलोज्यूल कुठेतरी टाकायचे. ब्रेक मारताना वजन पुढे येतं, म्हणून त्यातले ७० टक्के, म्हणजे सुमारे २९० किलोज्यूल, पुढच्या दोन डिस्कवर जातात असं धरू. दोन्ही डिस्क मिळून १० किलो ओतीव लोखंड, विशिष्ट उष्णता किलोमागे अंशाला साधारण अर्धा किलोज्यूल. एका ब्रेकमध्ये डिस्कचं तापमान जवळपास ५८ अंशांनी चढलं. रस्त्यावर असा ब्रेक तासातून एखाद्या वेळी लागतो. ट्रॅकवर तो अर्ध्या अर्ध्या मिनिटाला लागतो, सलग पंधरा मिनिटं. मधल्या वेळात डिस्क थोडी निवते, पण पुरेशी नाही. आकडे ढोबळ आहेत, मुद्दाम तसे घेतलेत. एवढं गणित मी पहिल्या वेळी केलं असतं तरी ‘ही उष्णता पुढे कुठे जाते?’ हा प्रश्न पडला असता.

आता इतिहास. मोटार शर्यतींसाठी खास बांधलेलं पहिलं सर्किट म्हणजे इंग्लंडमधलं ब्रुकलँड्स, १९०७ सालचं. तिथली वळणं मोठ्या थाळीच्या काठासारखी उचललेली होती, वेग फारसा न सोडता गाडी फिरत राहायची. तिथे ब्रेकचं काम कमी. चित्र खरं बदललं दुसऱ्या महायुद्धानंतर. ब्रिटनमध्ये ओस पडलेल्या विमानतळांच्या धावपट्ट्या आणि भोवतालचे रस्ते शर्यतींना मिळाले. सिल्व्हरस्टोन आणि गुडवुड दोन्ही १९४८ पासून. आपल्याकडेही तेच झालं: मद्रासजवळच्या शोलावरमची युद्धकाळातली धावपट्टी कित्येक वर्षं शर्यतींचं ठिकाण होती, पुढे इरुंगट्टुकोट्टईला कायमचा ट्रॅक झाला. धावपट्टीवर केलेल्या ट्रॅकचा स्वभाव ठरलेला असतो: लांबलचक सरळ पट्टा आणि शेवटी अचानक आवळलेलं वळण. म्हणजे पूर्ण वेग आणि मग पूर्ण ब्रेक. आज आपण ट्रॅक-डेला गाडीची जी परीक्षा घेतो ती बरीचशी या नकाशातून आलेली आहे.

पण ब्रेकवाल्यांची डोकेदुखी त्याच्याही आधीची. इंग्लंडमधल्या हर्बर्ट फ्रूड यांनी १८९७ च्या सुमारास घर्षणाचं खास साहित्य बनवायला सुरुवात केली. ‘फेरोडो’ हे नाव म्हणजे त्यांच्या आडनावाची अक्षरं उलटसुलट करून त्यात पत्नी एलिझाबेथचा ‘ई’ घातलेला. आधी त्यात सुती कापडाचा आधार होता. सूत करपायला किती वेळ लागतो हे इस्त्री विसरलेल्या कुणालाही विचारा. म्हणून अ‍ॅस्बेस्टॉस आलं, आणि उष्णतेच्या हिशेबात ते उत्तम ठरलं. त्याने माणसांच्या फुप्फुसांचं काय केलं ते पुढच्या अर्ध्या शतकात हळूहळू समजलं. माझ्या लॅबमध्ये आज आम्ही जे करतो त्यातलं निम्मं काम त्या एका निर्णयाची भरपाई आहे, असं मला कधीकधी वाटतं.

हे झालं घर्षणाचं साहित्य. पहिला फेड इथला. अस्तर किंवा पॅड फार तापले की त्यातलं रेझिन विघटित होऊ लागतं, वायू सुटतात, घर्षण गुणांक पडतो. पायाला काय जाणवतं? पेडल कडकच राहतं. दाबा, उभे राहा, पण गाडी थांबत नाही. नवीन पॅड बसवल्यावर पहिल्याच मोठ्या तापाला हे हमखास होतं, म्हणूनच ते आधी हळूहळू तापवून ‘बसवून’ घ्यायचे असतात. एवढं मला येत होतं. माझ्या थेसिसमध्ये आहे ते.

दुसरा फेड ड्रम ब्रेकचा. ड्रममध्ये अस्तर आतून बाहेर दाबतं. ड्रम तापला की फुगतो, म्हणजे अस्तरापासून दूर जातो. अडीचशे मिलिमीटर व्यासाचा लोखंडी ड्रम ४०० अंशांनी तापला तर व्यास एक मिलिमीटरहून जरा जास्तच वाढतो. ऐकायला क्षुल्लक, पण तेवढं अंतर भरून काढायला पेडल आणखी खाली जावं लागतं. इथे अस्तर शाबूत असू शकतं, तेलही शाबूत असू शकतं, बिघाड निव्वळ भूमितीचा. जुन्या वर्णनांमध्ये ‘पेडल लांबलं’ असं वाचलं की पहिला प्रश्न हाच विचारायचा: गाडीला ड्रम होते का?

डिस्कमध्ये ही भूमिती उलटते. चकती तापली की जाड होते, म्हणजे पॅडच्या जवळ येते. शिवाय ती उघड्या हवेत फिरते. कल्पना जुनी आहे, फ्रेडरिक लँचेस्टर यांचं पेटंट १९०२ चं. पण त्यांनी तांब्याचे पॅड वापरले. धातूवर धातू घासला की काय किंचाळतं ते वेगळं सांगायला नको, आणि त्या काळच्या धुळीच्या रस्त्यांवर तांबं झिजायचंही भराभर. कल्पना बरोबर, साहित्य तयार नाही. संशोधनात असं फार होतं. पन्नास वर्षं ती जवळपास पडूनच राहिली म्हणा ना, मधल्या काळात ती मुख्यतः विमानांच्या चाकांवर वाढली.

मग जॅग्वार आणि डनलॉप यांनी ती शर्यतीत आणली. १९५२ साली रीम्समध्ये स्टर्लिंग मॉस डिस्क ब्रेकवाली सी-टाइप घेऊन जिंकले. पुढच्या वर्षी ल मान्सच्या २४ तासांच्या शर्यतीत टोनी रोल्ट आणि डंकन हॅमिल्टन जिंकले. सरासरी वेग ताशी सुमारे १७० किलोमीटर, त्या शर्यतीत १०० मैलांची सरासरी पहिल्यांदाच ओलांडली गेली. ल मान्सचा म्युल्सान पट्टा तेव्हा जवळपास सहा किलोमीटर सरळ होता. त्याच्या शेवटी ब्रेक जो उशिरा मारू शकतो तो प्रत्येक फेरीत थोडा थोडा पुढे जातो, आणि २४ तासांत असे शेकडो थोडे जमतात.

(या विजयाची एक चटपटीत गोष्ट सगळीकडे सापडेल, की दोघे आदल्या रात्रीच्या दारूच्या अंमलात होते. गोष्टीचं मूळ हॅमिल्टन यांच्या आठवणींत आहे आणि जॅग्वारच्या टीमचे मॅनेजर लॉफ्टी इंग्लंड यांनी ती फेटाळली होती. दहा ठिकाणी छापून आलंय म्हणजे दहा पुरावे होत नाहीत. सगळे एकाच माणसाकडून उतरवून घेतात.)

आता इथे खरी गंमत आहे. डिस्कने भूमितीचा फेड संपवला, पण त्याच वेळी उष्णतेला नवी वाट करून दिली. ड्रममध्ये तापलेला पृष्ठभाग आणि तेलाचा सिलिंडर यांच्यात बरंच अंतर असतं. डिस्कमध्ये पॅडच्या पाठीला थेट पिस्टन टेकलेला, आणि पिस्टनच्या मागे तेल. चकतीची उष्णता पॅडमधून पिस्टनमध्ये, पिस्टनमधून तेलात. डनलॉप-जॅग्वारच्या चाचण्यांमध्ये तेल उकळण्याची अडचण समोर आली ती यामुळे. एक बिघाड दुरुस्त केल्यामुळे त्याच्या सावलीत लपलेला दुसरा बिघाड दिसायला लागला. हा तिसरा फेड, आणि माझा बिघाड हाच होता.

तेलाचा इतिहासही पाहण्यासारखा आहे. चारही चाकांना द्रवाच्या दाबाने ब्रेक लावायची पद्धत माल्कम लॉकहीड यांच्या १९१७ च्या पेटंटपासून धरतात. त्यांचं मूळ आडनाव लॉगहेड, विमानवाले लॉकहीड बंधू तेच. १९२१ साली ड्यूझनबर्गची अमेरिकन गाडी असेच ब्रेक लावून फ्रान्सची ग्रांप्री जिंकली, तीही ल मान्सलाच. पुढे बराच काळ या ब्रेकमध्ये जे द्रव भरले जात त्यात एरंडेल आणि अल्कोहोल यांचं मिश्रण चालत असे. होय, लहानपणी नाक दाबून पाजायचे तेच एरंडेल. वंगण म्हणून झकास, रबराच्या सीलला त्रास देत नाही. पण मिश्रण उकळतं ते त्यातल्या हलक्या घटकामुळे. इथेनॉल ७८ अंशांना उकळतं, ब्युटेनॉल ११८ च्या आसपास. आपला वरचा हिशेब आठवा: एका ब्रेकला डिस्क ५८ अंशांनी चढते.

म्हणून ग्लायकॉल ईथरवर आधारलेली तेलं आली, आणि त्यांच्यासाठी अमेरिकन परिवहन खात्याचे दर्जे आले. डब्यावर ‘डॉट ३’, ‘डॉट ४’ लिहिलेलं असतं ते तिथलं. डॉट ३ चा कोरडा उत्कलनबिंदू किमान २०५ अंश, डॉट ४ चा २३०, डॉट ५.१ चा २६०. पण त्याच मानकात दुसरा एक रकाना आहे, ओल्या उत्कलनबिंदूचा: १४०, १५५ आणि १८० अंश. ओला म्हणजे तेलात साधारण ३.७ टक्के पाणी शिरल्यावरचा. ग्लायकॉल ईथर हवेतलं बाष्प ओढून घेतं. पावसाळ्यात बरणीतल्या मिठाला पाणी सुटतं, तसंच काहीसं. फरक एवढाच की मीठ ओलं झालेलं दिसतं, तेल दिसत नाही. रबरी नळ्यांमधून, टाकीच्या झाकणातून, वर्षानुवर्षं बाष्प आत जात राहतं.

तेल उकळलं की वाफेचे बुडबुडे होतात. द्रव दाबला जात नाही, वाफ दाबली जाते. पाय खाली जातो, दाब पिस्टनपर्यंत पोचतच नाही. पेडल मऊ. बाबांची गाडी आठ वर्षं कोकणात होती.

आणि मी महागडे पॅड घालून काय केलं? जास्त तापमानाला टिकणारे पॅड म्हणजे मी आणखी उशिरा, आणखी जोरात ब्रेक मारणार. पॅड टिकले, उष्णता त्यांच्यामागे साठली, तेल आधीपेक्षा लवकर उकळलं. १९५२ मध्ये जे घडलं तेच मी साठेक वर्षांनंतर स्वखर्चाने करून पाहिलं. माझा विषय पॅड, म्हणून मला बिघाड पॅडमध्ये दिसला. तुम्ही रिसर्च करायला निघालात की तुमचाही एक ‘पॅड’ असेल, सांभाळा.

ब्रेकच्या फरकाची सगळ्यात भीषण आठवण ११ जून १९५५ ची, पुन्हा ल मान्स. मर्सिडीजला ड्रम होते, मदतीला चालकाच्या मागे उघडणारी एक मोठी फळी, एअर ब्रेक. जॅग्वार डी-टाइपला डिस्क. माइक हॉथॉर्न पिटमध्ये जायला थांबू लागले, मागची ऑस्टिन-हीली बाजूला झाली, तिच्यावर मागून पिअर लव्हेग यांची मर्सिडीज आदळली आणि प्रेक्षकांत गेली. ऐंशीहून अधिक माणसं मेली. केवळ ब्रेकमुळे झालं असं म्हणणं चुकीचं ठरेल, अरुंद पिट, प्रेक्षकांजवळचा तकलादू बांध, सगळंच त्यात होतं. पण वेगवेगळ्या अंतरात थांबणाऱ्या गाड्या एकाच पट्ट्यावर सोडल्या की मागच्याचा अंदाज चुकतो, हे तेव्हाही खरं होतं आणि ट्रॅक-डेला तर फारच खरं आहे. तिथे एका बाजूला माझी हॅचबॅक, दुसऱ्या बाजूला कुणाची तरी पाऊण कोटीची जर्मन गाडी. ओव्हरटेक फक्त सरळ पट्ट्यावर, तेही पुढच्याने खूण केल्यावर, हा नियम सकाळच्या ब्रीफिंगमध्ये कंटाळवाणा वाटतो. कंटाळू नका.

बाकीची तयारी पटकन सांगून टाकतो. टायरमधली हवा: ३० अंशांना ३२ पीएसआय भरली आणि टायर ७५ अंशांपर्यंत तापला तर आदर्श वायूच्या नियमाने दाब ३९ च्या जवळ जातो (वातावरणाचा दाब मिळवून मग गुणायचं, इथे बी.एस्सी.चे निम्मे विद्यार्थी चुकतात, मीही चुकलो होतो). म्हणून प्रत्येक फेरीनंतर गरम असतानाच मोजायची. हेल्मेटवर स्नेलचा शिक्का असला तर उत्तम. पीट स्नेल हे १९५६ साली शर्यतीत डोक्याला मार लागून गेले, हेल्मेट घालूनही, आणि पुढच्या वर्षी त्यांच्या नावाने ती संस्था उभी राहिली. चाकांचे नट टॉर्क पानाने आवळा, पहिल्या फेरीनंतर परत तपासा. आणि गाडीतला गणपती डॅशबोर्डवरून काढून खिशात ठेवा, सुटी वस्तू ब्रेकला पुढे उडते, मग ती कुठलीही असो.

तेल बदलण्याबद्दल मात्र एक गोष्ट सविस्तर. नळ्यांमधली हवा आणि जुनं तेल काढताना मास्टर सिलिंडरपासून सगळ्यात लांबच्या चाकापासून सुरुवात करायची, असा सर्वसाधारण नियम. अमेरिकन पुस्तकांत आणि व्हिडिओंत पहिलं चाक ‘मागचं उजवं’ सांगतात. मीही तसंच करायला बसलो होतो. चाचांनी थांबवलं. त्यांच्याकडे स्टिअरिंग डावीकडे, मास्टर सिलिंडरही डावीकडे. आपल्याकडे सगळं उजवीकडे, म्हणजे लांबचं चाक मागचं डावं. तुमच्या गाडीच्या पुस्तकात वेगळा क्रम दिला असेल तर अर्थातच तोच पाळा. डॉट ५ नावाचं तेल डॉट ५.१ चा भाऊ समजून आणू नका, ते सिलिकॉनचं असतं, दोन्ही एकमेकांत मिसळत नाहीत.

काम दोन माणसांचं आहे. मी आत पेडलवर, चाचा चाकाशी. ‘दाब. धरून ठेव. सोड.’ पारदर्शक नळीतून आधी काळपट, थंड झालेल्या कोऱ्या चहासारखं तेल आलं, मध्येच दोन-तीन बुडबुडे, मग हळूहळू पिवळसर, स्वच्छ. चारही चाकांना मिळून जेमतेम तासभर लागला आणि डॉट ४ च्या दोन बाटल्या संपल्या. दोन्हींची मिळून किंमत माझ्या त्या पॅडच्या दहाव्या हिश्शाइतकीही नव्हती. तिसऱ्यांदा ट्रॅकवर गेलो तेव्हा शेवटच्या फेरीपर्यंत पेडल जागच्या जागी होतं. यावेळी पुढचे टायर संपले.

जुनं तेल चाचांनी फेकलं नाही. मी ते एका बाटलीत भरून लॅबमध्ये आणलंय. त्यात पाणी किती आहे ते कार्ल फिशर टायट्रेशनने मोजायचंय, फक्त उपकरणाचा नंबर लागत नाहीये.